फोंड्यात राहून स्कीइंग: बूट, बूटबॅग आणि हवेतलं पाणी ओढणारं मशीन, तीन सीझन वापरून सांगतोय

आधीच सांगून ठेवतो, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाही, तीन वस्तूंचा आहे, आणि तिसरी वस्तू ऐकून तुम्ही हसणार. हसा. मीही हसलो असतो. पण मी राहतो गोव्यातल्या फोंड्याला, जिथे जुलैत कपाटातला चामड्याचा पट्टा आठ दिवस हात न लावता ठेवला तर त्यावर पांढरा बुरा धरतो, आणि खेळ निवडलाय बर्फावरचा. त्यामुळे माझं सगळं गणितच वेगळं आहे.

स्कीइंग शिकलो २०१८ ला, गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंगमध्ये बेसिक कोर्स केला. मग चार वर्षं फार फार तर वर्षातून एकदा जाणं व्हायचं, एक वर्ष तेही नाही. लोक म्हणायचे गोव्यातून लांब पडतं ना रे, पैसे लागतात ना. पैसे लागतातच, नाही कुठे म्हणतोय, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची, जॅकेट कोणाचं मागायचं, थर्मल कुठे ठेवलेत, ग्लोव्हजला वास येतोय, तिकडे भाड्याचे बूट कसे मिळणार, आणि हे सगळं डोक्यात आलं की माणूस म्हणतो जाऊदे, पुढच्या वर्षी बघू. आता सीझनला दोनदा जातो, मागच्या वर्षी तर दुबई धरून तीनदा झालं. पगार काही दुप्पट झालेला नाही, फक्त सामान तयार असतं.

तर पहिली वस्तू, स्वतःचे बूट.

भाड्याच्या बुटांबद्दल माझा राग जुना आहे. गुलमर्गला ज्या दुकानातून मी घ्यायचो (नाव नको, माणूस चांगला होता) तिथे सकाळी पाऊण तास नुसता बूट शोधण्यात जायचा, आणि आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने आतलं अस्तर, म्हणजे लायनर, अजून ओलंच. उणे सात-आठमध्ये दुसऱ्याच्या ओल्या लायनरमध्ये पाय घालणं हे काय असतं ते घातल्याशिवाय कळायचं नाही. दुकानदार विचारणार, "सर, जूते का नंबर?" आपण म्हणणार आठ. तो नऊ देणार, कारण नऊ सहज चढतो आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता निघून जातं. मग उतारावर टाच आत वर-खाली होते, आपण बकल अजून आवळतो, नडगीवर वळ उठतात, आणि पाय पुढे सरकून सरकून अंगठ्याचं नख काळं. मला वाटायचं बूट घट्ट आहे म्हणून नख गेलं. उलटं असतं, बूट मोठा असतो म्हणून जातं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं म्हणून पहिले बूट ऑनलाइन सेकंडहँड मागवले, तेही मोठेच. स्की बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात, म्हणजे पायाची लांबी साडेसव्वीस सेंटिमीटर तर बूट २६.५, इतकं सरळ आहे. मी मात्र शहाणपणा करून "जाड मोजे घालायचेत" म्हणत २८.५ घेतले. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. ते बूट अजून माझ्याकडे आहेत, त्याचं शेवटी सांगतो.

दुसरे, म्हणजे आत्ताचे बूट घेतले दुबईत. मावसभाऊ तिकडे असतो, आणि आपल्याकडे अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतंच. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई आहे ना, २००५ ला सुरू झालेलं, त्याला लागून स्कीच्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या माणसाने आधी मला मोजे काढायला लावले, टाच पट्टीला टेकवून दोन्ही पाय मोजले (डावा तीन मिलिमीटर मोठा निघाला, पंचेचाळीस वर्षांत मला पत्ता नाही), मग बुटातून लायनर बाहेर काढून नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायला सांगितला. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती फट राहते ते बघायचं. दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट, राहिली तर ठीक. त्याने टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, लांबी बरोबर आहे पण तुमचा पाय पुढे फार रुंद आहे. असणारच बाबा, आयुष्यभर चपलेत वाढलेला पाय आहे हा. म्हणून त्याने पंजाशी १०२ मिलिमीटर रुंदीचा साचा दिला, लायनर गरम करून पायावर बसवला, आणि कडकपणा, ज्याला फ्लेक्स म्हणतात, तो ९० घेतला. माझ्यासारख्या मध्यम दर्जाच्या, थोडं वजन असलेल्या माणसाला ९० पुरतो, १२०-१३० वाले रेसवाल्यांना लखलाभ.

पहिल्यांदा घातले तेव्हा वाटलं पैसे वाया गेले, इतके आवळ. दुकानात वीस मिनिटं तसाच उभा राहिलो, गुडघे पुढे वाकवले की बोटं जरा मागे यायची, सरळ उभं राहिलं की पुन्हा टेकायची. बरोबर बूट असाच वाटतो म्हणे. एकच पातळ मोजा घालायचा, दोन नाही, दोन घातले की घड्या पडतात आणि पाय उलट गार पडतो. तिसऱ्या दिवसापासून बूट पायात आहे हेच विसरायला झालं.

आणि खरा फायदा पुढे आहे. बुटाच्या टाचेजवळ बाजूला एक आकडा कोरलेला असतो, माझ्या बुटावर ३०५ मि.मी. आहे. ही तळव्याची लांबी. स्कीवरची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, ह्या आकड्यावर आणि तुमचं वजन, उंची, वय, कुवत ह्यावर सेट करतात, म्हणजे पडल्यावर पाय सुटायला हवा तेव्हा सुटतो. मी निघायच्या आदल्या दिवशी हे सगळं आणि बुटाच्या तळव्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. फोटो का, तर माझा तळवा ग्रिपवॉकचा आहे, किंचित वाकडा, चालायला बरा, पण प्रत्येक जुन्या बाइंडिंगला तो चालत नाही. सकाळी पोचलो की स्की तयार, समोर एकदा तपासून घ्यायची आणि दहा मिनिटांत गोंडोल्याच्या, म्हणजे वर नेणाऱ्या केबलकारच्या, रांगेत. स्की मी विकत घेतलेल्या नाहीत, घेणारही नाही. विमानात लांबडी बॅग, वर इकडच्या खाऱ्या हवेत त्यांच्या स्टीलच्या कडा गंजणार, आणि ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद स्की हवी, दाबलेल्या उतारावर अरुंद, तर भाड्याने घेतलेलंच बरं. बूट आपले, स्की त्यांची.

बुटांना साडेचार तारे. अर्धा कापला कारण पायऱ्या उतरताना अजूनही मी बदकासारखा दिसतो.

दुसरी वस्तू, बूटबॅग. पाठीला लावायची आहे, दोन बाजूंना बुटांचे कप्पे, मध्ये हेल्मेट, आणि कप्प्यांच्या तळाला पाणी गळायला बारीक भोकं. बूट भरतात साधारण चार किलो, त्यामुळे केबिनच्या सात किलोत हेल्मेट, गॉगल आणि एक दिवसाचे कपडे बसतात. चेक-इनला बूट कधीच टाकायचे नाहीत. बाकी सगळं हरवलं तर तिकडे भाड्याने मिळतं, तुमच्या पायावर बसवलेला लायनर मिळत नाही. दाबोळी असो की मोपा, एक्स-रेवरचा जवान बॅग हमखास थांबवतो. मागच्या वेळी एकाने बूट बाहेर काढून उलटासुलटा करून बघितला, म्हणाला "ये क्या है?", म्हटलं स्की के जूते, तर माझ्या तोंडाकडे बघून, "गोवा से?" मागे हाफ पँटवाल्यांची रांग खोळंबलेली. श्रीनगरला तर टर्मिनलच्या आधीच ड्रॉप गेटवर गाडीतून सामान उतरवून तपासणी असते, तिथे परतीला वेळ हातात ठेवूनच निघा.

बॅगेची तक्रार एकच, चेनचा धातूचा रनर. पहिल्याच पावसाळ्यात हिरवट काळा पडून जाम झाला. मेणबत्ती घासून चालवला, मग म्हापशाच्या बाजारात एका बॅगवाल्याकडून प्लास्टिकची चेन लावून घेतली. तीन तारे. थंड देशात बसून ज्याने ही बनवली त्याने आपला जून कधी बघितलेला नाही.

आता तिसरी.

बूट आणल्यावर पहिल्या वर्षी मी ते बॅगेतच ठेवले, बॅग माळ्यावर, आणि मार्च ते नोव्हेंबर विसरलो. डिसेंबरात खाली काढली तर बॅग उघडायच्या आधीच वास. लायनरच्या आत हिरवी बुरशी, नाचणीच्या पिठासारखी भुरभुरीत, बकलांचे स्क्रू तांबडे, आणि एका बुटात चक्क कोळ्याचं घर. लायनर व्हिनेगर-पाण्याने पुसले, दोन दिवस उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवले, वास मात्र फेब्रुवारीपर्यंत गेला नाही. गोंडोल्यात सहा जणांच्या केबिनमध्ये बसलो की माझ्याकडे कोणी बघत नसूनही मला वाटायचं बघतायत.

मी कुंडईला औषध कंपनीत आहे, गोळ्यांच्या विभागात. तिथे आम्ही दिवसभर हवेतली आर्द्रता मोजतो, लिहितो, वाढली की घाबरतो. आणि घरी वीस हजारांच्या वर किमतीचे बूट नव्वद टक्क्यांत ठेवलेले! स्वतःचीच लाज वाटली. वर नंतर वाचलं की बुटाचं कवच पुष्कळदा पॉलियुरेथेनचं असतं आणि ओलाव्याने ते आतून हळूहळू तुटत जातं, हायड्रोलिसिस म्हणतात त्याला. ट्रेकिंगच्या जुन्या बुटांचा तळवा एक दिवस अचानक भुगा होऊन हातात येतो ना, तोच प्रकार. बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस थंडीत उतारावरच कवच फुटतं.

आधी स्वस्तातले उपाय केले. कॅल्शियम क्लोराइडचे डबे, ते वाण्याकडे मिळतात ते, जुलैत दहा-बारा दिवसांत पाण्याने भरायचे, एक कपाटात सांडला आणि फळीवर चिकट डाग राहिला तो कायमचा. मग सिलिका जेल, निळे खडे ओले झाले की गुलाबी होतात, ओव्हनमध्ये तापवले की परत निळे. छान चालतं, पण बंद डब्यात. आपल्या लाकडी कपाटाची दारं पावसात फुगून नीट लागतच नाहीत तिथे बिचारं सिलिका काय करणार, अख्ख्या फोंड्याची हवा सुकवणार का?

म्हणून शेवटी डिह्युमिडिफायर घेतला, कंप्रेसरवाला, दोन लिटरची टाकी, साधारण चौदा हजारांना पडला. मागची छोटी खोली, खिडकी बंद, सेटिंग ५५ टक्के, शेजारी दोनशे-अडीचशेचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा काटा (मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माझं मशीन पाच-सहा टक्के कमी दाखवतं). बूट उघड्या फळीवर, लायनर बाहेर काढून वेगळे, बकलं अगदी सैल लावून, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. जुलैत रात्रीत टाकी भरते. खरंच भरते. सकाळी उठून दोन लिटर पाणी ओतताना दर वेळी वाटतं हे सगळं काल हवेत होतं आणि आपण ते नाकाने ओढत होतो.

आईचं पहिल्या दिवसापासून सुरू झालं, "तुज्या बुटांक एसी आनी आमकां फॅन?" चार-पाच दिवस बोलली. मग एकदा बघतो तर बुटांच्या खालच्या फळीवर आमसुलांची बरणी. दुसऱ्या दिवशी पापडांचा डबा, मग सांडगे, सुक्या मिरच्या, आणि महिन्याभरात अख्खं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, त्या खोलीत, वर तिच्या दोन रेशमी साड्या. आता मशीन बंद दिसलं तर मला ऑफिसात फोन येतो. पाणी तुळशीला चालणार नाही म्हणाली म्हणून अबोलीच्या कुंड्यांना घालतो. बायकोचं म्हणणं पापडांना हल्ली बुटांचा वास येतो. येत नाही. मी खाऊन बघितलेत.

वीजबिलात महिन्याला दोन-अडीचशेचा फरक पडला. आवाज येतो, जुन्या फ्रीजसारखा, झोपायच्या खोलीत नको. वीज गेल्यावर आपोआप परत चालू होत नाही, बटण दाबावं लागतं, आणि आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते नव्याने सांगायला नको. म्हणून चार तारे. घेताना ऑटो रीस्टार्ट आहे का ते विचारून घ्या, मी विचारलं नाही.

बाकी एक गोष्ट फुकटातली. जॅकेट, पँट, जाड ग्लोव्हज मी गोव्यात आणतच नाही. टंगमर्गला, म्हणजे गुलमर्गच्या खाली तेरा किलोमीटरवर, आमच्या गाईडच्या घरी पत्र्याची ट्रंक ठेवलीय. वर्षाला थोडे पैसे आणि येताना काजूगर, खाजं. तिकडची हवा कोरडी, बुरशीचा प्रश्न नाही. प्रश्न उंदरांचा. एका ग्लोव्हजचा अंगठा आतल्या कापसासकट गायब होता, गाईडभाई म्हणाला, "सर, चूहे को भी सर्दी लगती है." त्यावर काय बोलणार.

बूटही तिथेच का ठेवत नाही असं एकाने विचारलं. ठेवले असते, पण मग दुबईला काय घालणार? स्की दुबईचा सगळ्यात लांब उतार ४०० मीटर, दोन मिनिटांचं काम, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भावाकडे जाणं होतं तेव्हा दोन तास घसरून आलं की पाय जागे होतात.

आणि बूट हाताशी असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला २०२४ ला कळला. २६ जानेवारी धरून रजा टाकलेली, आणि गुलमर्गला गवत! जानेवारी जवळजवळ अख्खा कोरडा गेला, तपकिरी माळावर घोडेवाले उभे, मी हेल्मेट हातात घेऊन त्यांच्याशी गप्पा मारतोय. बर्फ आला तो महिना संपता संपता, आणि फेब्रुवारीत चांगला आला. पूर्वीचा मी असतो तर गेलं वर्ष म्हणून गप्प बसलो असतो. त्या वेळी मंगळवारी गाईडचा व्हिडिओ आला, शुक्रवारी दिल्लीवरून श्रीनगर, कारण पॅकिंग म्हणजे फक्त मागच्या खोलीतून बूट उचलायचे होते. २०२५ ला तर खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धाच बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चात ढकलाव्या लागल्या. म्हणून चार महिने आधी स्वस्त तिकीट काढून ठेवायची पद्धत मी सोडली, तारीख बदलता येईल असंच काढतो, थोडं महाग पडलं तरी. गोंडोल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही म्हणून पोस्टपेड घेऊन जा, नाहीतर काढलेलं तिकीट गेटवर उघडणार नाही.

एक मात्र, सामान चांगलं झालं म्हणून माणूस चांगला होत नाही. गोंडोल्याचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ३९५० मीटरवर सोडतो आणि तिथून दाबलेल्या वाटेच्या बाहेर गेलात की हिमकडे कोसळण्याचा धोका खरा आहे, त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे एक रशियन स्कीअर गेला. बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं आणि गाईड नसताना मी त्या बाजूला वळत नाही. मी कोंगडोरीपासून, म्हणजे पहिला टप्पा संपतो तिथून, खालीच जास्त रमतो. पायांसाठी आठवड्यातून तीनदा फर्मागुडीचा चढ चालतो आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखा बसतो, दीड मिनिटाच्या वर अजून गेलो नाही.

परतीच्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. लायनर काढून बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपासून, दोन हात लांब उभे करायचे, जवळ नाही, गरम करून बसवलेला लायनर जास्त तापला की आकार सोडतो. रात्रभरात खडखडीत. ओले घेऊन गोव्यात उतरलात तर घरी पोचेपर्यंतच बुरशीची तयारी सुरू.

आता ते २८.५ वाले बूट. काळे-लाल, चार बकलं, फ्लेक्स ८०, मी फक्त पाच दिवस वापरलेले, गेले दोन पावसाळे आमसुलांच्या शेजारी ५५ टक्क्यांत काढलेत. द्यायचे आहेत, पैशांचं बघू. पण आधी मोजे काढून टाच भिंतीला टेकवा आणि अंगठ्यापर्यंत मोजा, साडेअठ्ठावीस आलं तरच बोला. चपलेचा नंबर सांगू नका.